मैकलच्या डोंगरातील मराठी श्रोता : शामराव हिवाळे

लोकगीतांचा कोणताही छापील संग्रह हाती घेतला म्हणजे प्रथम संपादकाचे नाव भेटते. गाणाऱ्याचे नाव बहुधा भेटत नाही. गाणारा आणि संपादक ह्यांच्या मध्ये आणखी एक माणूस असतो. तो गाणाऱ्याच्या ओसरीवर रात्र काढतो, अर्धवट ऐकू आलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून घेतो, थट्टेतला चिमटा कोणाला आहे हे ओळखतो आणि मग ते सारे दुसऱ्या भाषेत नेण्याच्या खटपटीला लागतो. लोकवाङ्मयाच्या इतिहासात ह्या मधल्या माणसाची जागा प्रस्तावनेतील आभाराच्या परिच्छेदापुरती असते. मध्य भारताच्या डोंगरी लोकसंस्कृतीच्या अभ्यासात ही जागा एका मराठी माणसाने तीसहून अधिक वर्षांच्या निवासाने कमाविली. त्या माणसाचे नाव शामराव हिवाळे. व्हेरियर एल्विन ह्यांचे सहकारी एवढीच त्यांची ओळख आज उरली आहे. त्यांचे स्वतःचे कार्य त्याहून मोठे आहे आणि मराठी वाचकाने त्याची दखल घेण्यास पुरेसे कारण आहे.

मराठी माणसाला हा मुलूख तसा अपरिचित नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव येथे तेव्हापासून आणि पुढे इंग्रजी अमलात मराठी कुटुंबे स्थिरावली. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिल्यावर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी भाषकही आले. परंतु ही सारी वस्ती मैदानातली. शिवनाथ नदीच्या ह्या सपाट खोऱ्यातून वायव्येस कवर्ध्याच्या दिशेने निघाले म्हणजे भाताची शेते संपत जातात आणि मैकल पर्वताची रांग सुरू होते. तीच रांग वर अमरकंटकापाशी जाऊन नर्मदेला जन्म देते. गोंड, बैगा, परधान, अगरिया ह्यांचे हे घर. ह्यांतील अगरिया मातीच्या लहानशा भट्टीत कोळशावर लोखंड गाळीत. कारखान्यातील स्वस्त लोखंड आणि सरकारी कर ह्यांच्या कचाट्यात त्यांच्या भट्ट्या विझत चालल्या असताना एल्विन ह्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. ह्या दोन घटनांमध्ये अवघ्या सतरा वर्षांचे अंतर आहे. मैकलच्या जीवनाची नोंद किती थोड्या अवकाशात करावी लागली ह्याची कल्पना त्यावरून यावी. ज्या डोंगरात मराठी माणूस पूर्वी गेला असेल तर अंमलदार किंवा व्यापारी म्हणून गेला, तेथे शामराव शेजारी म्हणून राहावयास गेले.

२

शामरावांची घडण पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात झाली. हा संघ जॅक विन्स्लो ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ साली स्थापन केला होता. अहमदनगर भागात काम करीत असताना विन्स्लो ह्यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा खोल संस्कार झाला. टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले. ख्रिस्ताला भारतीय वेषात, भारतीय भाषेत आणि भारतीय भक्तीच्या रीतीने भेटावे हा टिळकांचा ध्यास संघाच्या जीवनक्रमात उतरला होता. फादर स्टीफन्सपासून बाबा पदमनजी आणि टिळकांपर्यंत मराठी ख्रिस्ती परंपरेने भाषेवर जे प्रेम केले, त्याच्या सावलीत शामराव वाढले असे म्हणावयास हरकत नाही. देशी बोली ही उपदेश करण्याआधी ऐकावयाची असते, हा त्या परंपरेचा धडा होता.

ऑक्सफर्डहून आलेले एल्विन १९२७ साली ह्याच संघात दाखल झाले आणि तेथे ह्या दोघांची गाठ पडली. पुढे एल्विन गांधीजींच्या प्रभावाखाली आले, राष्ट्रीय चळवळीशी त्यांचे नाते जुळले आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसत गेले. गोंडांमध्ये जाऊन काम करावे ही सूचना जमनालाल बजाज ह्यांची. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे गांधीजींना मुंबईच्या मणिभवनात अटक झाली तेव्हा एल्विन आणि शामराव त्याच घरी मुक्कामास होते. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया ह्या खेड्यात पोहोचले. (पूर्वीच्या मंडला जिल्ह्याचा हा भाग १९९८ पासून मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात आहे.) टिकेरी टोला नावाच्या टेकडीवर त्यांनी झोपड्या बांधल्या, गोंड सेवा मंडळ काढले, औषधे वाटली, शाळा चालविल्या, पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे केले. धर्मांतर करावयाचे नाही हा निश्चय आरंभापासूनच होता. १९३५ साली एल्विन ह्यांनी चर्चशी असलेला संबंध औपचारिकपणेही तोडला.

गावकऱ्यांनी दोघांना नावे दिली. एल्विन 'बडे भाई' झाले आणि शामराव 'छोटे भाई'. कामाची वाटणीही जवळजवळ नावांप्रमाणेच झाली. बडे भाई लिहीत, प्रवास करीत, पैसा आणि प्रसिद्धी ह्यांची जुळणी करीत. बस्तर आणि ओरिसा येथील संशोधनासाठी ते महिनोन् महिने बाहेर असत. छोटे भाई घरी असत. दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या पडवीत, भांडणाच्या निवाड्यात आणि रात्रीच्या नाचाच्या अंगणात लोकांना रोज दिसणारा माणूस तोच होता. एल्विन ह्यांचे १९३६ साली निघालेले 'लीव्ज फ्रॉम द जंगल' हे दैनंदिनीवजा पुस्तक वाचताना ह्या वाटणीचे चित्र सहज उभे राहते. संशोधनाच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही. लोक आपली गाणी अभ्यासकाला सांगत नाहीत, ओळखीच्या माणसाला सांगतात. दुखण्याखुपण्यात जो औषध देतो त्याच्यासमोर थट्टा करण्यास ते भीत नाहीत, आणि थट्टा कळल्यावाचून मैकलची गाणी कळत नाहीत.

३

दोघांच्या नावावरील पहिला गीतसंग्रह 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' १९३५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात गोंडांची कविता इंग्रजी वाचकांपुढे आली. दुसरा आणि अधिक प्रौढ संग्रह 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. मध्य भारताच्या मौखिक वाङ्मयाचे नमुने सादर करणाऱ्या ज्या मालेत 'फोक-टेल्स ऑफ महाकोशल' आणि 'फोक-साँग्ज ऑफ छत्तीसगढ' हे ग्रंथ निघाले, तीतच ह्याची गणना होते.

ह्या गीतांचे प्रकार मराठी वाचकाला पूर्णपणे परके वाटणार नाहीत. करमा हे मांदराच्या तालावर रांगा करून नाचताना म्हणावयाचे गीत. सैला हा पुरुषांचा काठ्यांचा नाच आणि रीना हा स्त्रियांचा. सर्वांत विलक्षण आहे तो ददरिया. रानात मोहाची फुले वेचताना किंवा शेतात काम करताना एका बाजूने दोन ओळी टाकावयाच्या आणि दुसऱ्या बाजूने दोन ओळींत त्याला उत्तर द्यावयाचे. त्यातील पहिली ओळ पुष्कळदा नुसती एखादी वस्तू दाखविते, एखादे झाड, वाटेवरचा दगड, कमरेची घागर. दुसरी ओळ मनातले बोलते. दोहोंचा संबंध उघड करून सांगितलेला नसतो. जोडणी ऐकणाऱ्याने करावयाची असते. आपल्या जात्यावरच्या ओवीत पहिल्या चरणांतील चित्र आणि शेवटच्या चरणातील हृद्गत ह्यांचे जे नाते असते, त्याच्याशी हे जुळते. कामाच्या लयीत उमटलेले गाणे म्हणून भलरीचीही आठवण होते.

अशा दोन ओळींचे भाषांतर करणे हे मोठ्या काव्याच्या भाषांतराहून अवघड असते, कारण चुकण्यास जागाच नसते. यमक जुळवावयास गेले तर चित्र मोडते आणि टीप देऊन अर्थ सांगावयास गेले तर गाणे मरते. एल्विन ह्यांनी आर्थर वेली ह्यांच्या चिनी कवितांच्या भाषांतरांचा आदर्श पुढे ठेवला होता. त्या आदर्शाप्रमाणे यमक आणि ठराविक वृत्त सोडावयाचे, मूळ प्रतिमा जशीच्या तशी राखावयाची आणि आपल्या पदरची एकही प्रतिमा घालावयाची नाही. हे पथ्य पाळावयाचे तर मूळ ओळीतील प्रत्येक वस्तूची नेमकी ओळख पटलेली असली पाहिजे. कोणते फूल, कोणत्या ऋतूतले, ते कोण कोणाला देतो, ते केसांत खोवले म्हणजे गावात काय समजतात, हे कळले तरच प्रतिमा उघडी ठेवण्याचे धैर्य होते. हे ज्ञान ग्रंथालयात मिळत नाही. ते त्या अंगणात वर्षानुवर्षे बसणाऱ्याला मिळते.

येथे शामरावांच्या स्थितीतील एक विशेष ध्यानी घेण्याजोगा आहे. मंडला आणि मैकल भागातील गोंडांपैकी पुष्कळांनी गोंडी भाषा सोडलेली होती. त्यांची गाणी छत्तीसगढी वळणाच्या हिंदी बोलीत होती. ही बोली शामरावांची नव्हती. ज्या इंग्रजीत ती न्यावयाची ती भाषाही त्यांची नव्हती. सामान्यतः भाषांतरकाराचा एक पाय तरी मायबोलीत रोवलेला असतो. शामरावांनी मायबोली मागे ठेवून दोन परक्या भाषांमध्ये ये-जा केली. तथापि मराठी कानाचा त्यांना उपयोग झाला नसेल असे म्हणता येत नाही. छत्तीसगढी बोलीतील कितीतरी शब्द मराठी माणसाला अर्धे ओळखीचे वाटतात आणि अर्धे फसवितात. हे अर्धे ओळखीचे असणेच सावध करते. संपूर्ण परक्या अभ्यासकाला जेथे फक्त नवल दिसते, तेथे शेजारच्या प्रांतातील माणसाला आपल्या घरच्या रीतीचे थोडे वेगळे रूप दिसते आणि त्या फरकाकडे त्याचे लक्ष जाते.

४

शामरावांच्या स्वतंत्र कर्तृत्वाचा खरा पुरावा म्हणजे १९४६ साली प्रसिद्ध झालेला 'द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली' हा ग्रंथ. परधान हे गोंडांचे भाट. त्यांच्याविषयी आधी लिहिले गेलेच नव्हते असे नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी परधानांच्या मुखातून लिंगोची कथा टिपून घेतली होती. हिस्लॉप ह्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल ह्यांनी ती १८६६ साली छापली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी १९१६ च्या आपल्या जातिकोशात परधानांवर एक टिपण दिले. परंतु हिस्लॉप ह्यांच्या लेखी परधान हा कथेचा स्रोत होता आणि रसेल-हिरालाल ह्यांच्या लेखी जातींच्या यादीतील एक नोंद. त्याच्याकडे एक व्यवसाय असलेला कलावंत म्हणून पाहण्याचे काम शामरावांनी केले.

परधानांची उत्पत्तिकथा अशी सांगतात की, गोंड भाऊ सात होते. बडा देव रुष्ट होऊन साजाच्या झाडात जाऊन बसला. (साज म्हणजे आपला ऐन.) थोरल्या भावांना तो प्रसन्न होईना, तेव्हा सर्वांत धाकट्याने बाना नावाचे तीन तारांचे, कमानीने वाजवावयाचे वाद्य घडविले आणि त्याच्या सुरावर देवाला आळविले. देव संतुष्ट झाला. पुढे शेतीवाडी थोरल्यांकडे राहिली आणि धाकट्याच्या वाट्याला बाना आला. थोरल्यांच्या वंशजांच्या दारी जाऊन देवाचे आणि पूर्वजांचे गाणे म्हणावे आणि त्यांनी त्याला दान द्यावे, असे ठरले. परधान आपल्या ठरलेल्या गोंड यजमानांकडे साधारण तीन वर्षांनी एकदा फेरी काढतो. तिला मंगतेरी म्हणतात. घरातील कोणी मेले म्हणजे त्याच्या वस्त्राभूषणांवर परधानाचा हक्क असतो. तरीही गोंड त्याच्या हातचे खात नाही. कुळाने भाऊ आणि पंक्तीला परका, असे हे विचित्र स्थान आहे.

गोंधळी आणि त्याचे यजमान कुळ, वासुदेव आणि त्याचे गाव, असे संबंध ज्याने पाहिले आहेत त्या मराठी वाचकाला ही व्यवस्था चटकन कळेल. किंबहुना ती आपल्या घरातही आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि त्यापलीकडे आदिलाबाद येथील परधानांची घरची भाषा मराठी आहे. फ्यूरर-हायमेंडॉर्फ ह्यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. घरी मराठी बोलणारे हे लोक यजमानापुढे गोंडीत गातात. म्हणजे गोंडांच्या पुराणाचे जतन करणाऱ्यांपैकी एक मोठा गट मराठी भाषक आहे. मराठी लोकसाहित्याच्या इतिहासात ह्या गोष्टीला अद्याप तिचे स्थान मिळावयाचे आहे.

शामरावांच्या ग्रंथाचा गुण असा की परधानाच्या ह्या दुहेरी स्थितीतून त्याचा स्वभाव कसा घडला हे त्यात दिसते. यजमानाच्या औदार्यावर ज्याचे पोट अवलंबून असते त्याला त्याची मर्जी ओळखावी लागते. त्यामुळे परधान चतुर, हजरजबाबी, काहीसा लबाड आणि जगण्यावर प्रेम करणारा झाला. देवाची कथा त्याच्याखेरीज कोणाला पूर्ण येत नसल्याने त्याला स्वतःविषयी मोठा अभिमानही आहे. गोंडवानीत तो गोंड राजांच्या कथा गातो आणि पंडवानीत पांडवांच्या. त्याच्या तोंडी भीम, द्रौपदी आणि अर्जुन मैकलच्या रानातील माणसे होतात. ह्या साऱ्याचे वर्णन करताना शामरावांनी नीतीचा न्यायनिवाडा आरंभिला नाही आणि भाबडे गौरवगीतही गाइले नाही. परधानाची लबाडी त्यांनी सांगितली ती ज्याची लबाडी आपल्यावरही चालली आहे अशा शेजाऱ्याच्या खेळकरपणाने. गावाने ज्यांना 'छोटे भाई' म्हटले, त्यांनी सात भावांतील धाकट्याच्या वंशाचा इतिहास लिहावा ह्यात काही औचित्य आहे.

५

त्याच वर्षी, १९४६ साली, शामरावांचे दुसरे पुस्तक निघाले ते 'स्कॉलर जिप्सी'. हे एल्विन ह्यांचे चरित्र. तेव्हा एल्विन पंचेचाळीस वर्षांचेही नव्हते. शीर्षक मॅथ्यू अर्नल्ड ह्यांच्या ऑक्सफर्डशी निगडित कवितेवरून घेतलेले. हे पुस्तक शामरावांच्या मर्यादाही दाखविते. मित्राविषयीच्या भक्तीने ते इतके भारलेले आहे की चरित्रकाराला आवश्यक असे अंतर त्यात राहत नाही आणि लेखक स्वतःला जवळजवळ पुसून टाकतो. करंजियाच्या त्या वर्षांचे साक्षीदार दोघे होते. त्यांपैकी एकाने आपले सर्व शब्द दुसऱ्यासाठी खर्च केले. शामरावांना पुढे जी उपेक्षा सोसावी लागली तिचा काही भाग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, असे कठोरपणे म्हणावे लागते.

ह्याच काळात आदिवासींच्या भवितव्याविषयी मोठा वाद चालू होता. डोंगरातील जमातींच्या जीवनक्रमास बाहेरच्या आक्रमणापासून संरक्षण मिळावे असे एल्विन ह्यांचे म्हणणे होते. 'द बैगा' ह्या १९३९ च्या ग्रंथातील त्यांच्या सूचनांवर पुष्कळ टीका झाली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेकडून १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, हे लोक मागासलेले हिंदूच होत आणि त्यांना वेगळे काढणे अनिष्ट होय, अशी भूमिका मांडली. दोन्ही पक्षांकडे विद्वत्ता होती आणि कळकळही होती. परंतु शामरावांचे परधान ह्या दोन्ही चौकटींत नीट बसत नाहीत. जो पांडवांची कथा गातो त्याला हिंदू समाजापासून तुटलेला कसा म्हणावे? आणि जो ती बडा देवाच्या साजाखाली, गोंड यजमानासाठी, पांडवांना रानात आणून गातो, त्याला मागे राहिलेला हिंदू म्हणून तरी काय कळले? शामरावांनी ह्या वादाला सिद्धांताने उत्तर दिले नाही. त्यांच्या ग्रंथातील माहिती मात्र दोन्ही सिद्धांतांना अडचणीची आहे. चांगल्या लोकसंस्कृति-अभ्यासाचे हे एक लक्षण मानावयास हवे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. मैकलच्या गीतांचा हा ठेवा मुख्यतः इंग्रजी भाषांतराच्या रूपाने ग्रंथबद्ध झाला. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या त्या मूळ शब्दांसह. त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला भाषा, छंद, पाठभेद ह्यांचा विचार करता आला. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून मराठीत ह्या अभ्यासाला शास्त्राची शिस्त दिली, तीही मुळाच्या आधारावर. मैकलच्या बाबतीत वाचकाला प्रतिमा मिळते, नाद मिळत नाही. जे गाणे मांदरावाचून अपुरे, ते शब्दांवाचूनही अपुरेच राहणार.

६

१९५४ साली एल्विन ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. पाटनगढ येथील बिऱ्हाडाचा आणि संस्थेचा भार मागे राहणाऱ्यावर आला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी एल्विन ह्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. तो गौरव यथार्थच होता. त्या आत्मचरित्रात शामरावांचे नाव कृतज्ञतेने पुन्हा पुन्हा येते. परंतु कृतज्ञतेतील उल्लेख आणि वाङ्मयेतिहासातील स्थान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना शामराव दिसले नाहीत, कारण त्यांचे ग्रंथ इंग्रजीत होते. इंग्रजी वाचकाने त्यांच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले नाही, कारण त्यांच्यापुढे एल्विन उभे होते. दोन भाषांच्या सीमेवर काम करणाऱ्याची अशी हानी नेहमीच होते, आणि भाषांतरकारांना ती अधिक ओळखीची आहे.

पाटनगढची कथा मात्र येथे संपली नाही. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनाच्या उभारणीसाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन ह्यांनी खेडोपाडी पाठविलेल्या मंडळींना ह्याच गावात भिंतीवर चित्रे काढणारा एक तरुण परधान आढळला. त्याचे नाव जनगढ सिंह श्याम. बान्याच्या सुरावर ज्या देवांची नावे घेतली जात, ते देव त्याने कागदावर आणले. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात लागली. २००१ साली जपानमध्ये त्याचा दुःखद अंत झाला, परंतु त्याच्या मागे पाटनगढच्या परधानांची चित्रकलेची एक परंपराच उभी राहिली आहे. यजमानाचे दान आटले तेव्हा परधानाने नवा यजमान शोधला. त्याचे कौशल्य एका वाद्यापुरते नाही, हे परधानांचा स्वभाव जाणणाऱ्या शामरावांच्या ग्रंथाच्या वाचकाला नवलाचे वाटू नये.

हिस्लॉप ह्यांच्यासाठी लिंगोची कथा गाणाऱ्याला त्या ग्रंथातून कोणी ओळखत नाही, आणि जनगढचे नाव त्याच्या चित्रांबरोबर जगभर गेले. मधल्या सव्वाशे वर्षांत श्रोत्याची दृष्टी बदलली. तो बदल घडविणाऱ्यांत, गाणाऱ्याला साधन न मानता कलावंत मानून त्याच्या ओसरीवर बसणाऱ्या ह्या मराठी छोट्या भावाचा वाटा आहे. तो ठरविण्यासाठी दोन गोष्टी तरी झाल्या पाहिजेत. परधानांवरील त्यांचा ग्रंथ मराठीत यावा, आणि मैकलची गाणी जेथे अजून गाइली जातात तेथे जाऊन ती मूळ शब्दांसह टिपून घ्यावीत. शामरावांनी ज्या भाषेत ऐकले ती भाषा अद्याप बोलली जाते आणि ज्या भाषेत ते वाढले ती आपली आहे. ह्या दोहोंमधील भाषांतराचे काम तेवढे राहिले आहे.